पाचवी चाल

रविवारी दहा वाजून गेले तरी कल्याणरावांचा फोन वाजला नाही. हा चौथा दिवस. त्यांनी इष्टलिंगाची पूजा कशीबशी उरकली, चहा घेतला, परत चहा मागितला आणि तो तसाच गार होऊ दिला. दार उघडायचं, रस्त्याकडे बघायचं, दार लावायचं. परभणीच्या त्या दोन खोल्यांत बापाच्या येरझाऱ्यांनी शिवानीचं डोकं उठलं होतं. तिला उद्या अकराच्या आत पुण्याला काम पाठवायचं होतं, आणि तिचंही कशात लक्ष नव्हतं.

शिवानी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरबसल्या खेळाचे नियम लिहायची. ‘विसावं शतक’ हा मोबाइलवरचा खेळ. एक देश घ्यायचा, १९०० सालापासून सुरुवात करायची. शेती, रेल्वे, कारखाने, फौज वाढवत न्यायची. १९४५ पर्यंत सगळं सुरळीत चालायचं. मग अणुबॉम्ब यायचा आणि खेळाचा विचका व्हायचा. आधी तिनं तो इतिहासात होता तसाच ठेवला होता. ज्याच्या हाती पहिल्यांदा लागला तो जिंकला, बाकीचे शिव्या घालत खेळ सोडून गेले. कंपनीची मालकीण राजनंदिनी म्हणाली, इतिहास पुस्तकात राहू दे, मला बॅलन्स पाहिजे. तेव्हा शिवानीनं नियम काढला. बॉम्ब पाच चाली टिकेल, नंतर निकामी होईल. पहिल्या चार चालींना ‘नंतर’ म्हणता येईल; पाचव्या चालीला पडद्यावर एकच बटन येईल, ‘टाका’. बॉम्ब कुणाकडे आहे, हे समोरच्याला कळणार नाही.

एका खेळाडूनं लिहून पाठवलं, की बॉम्ब सडायला तो काय टमाटा आहे का, खरे बॉम्ब ऐंशी वर्षं कोठारात पडून आहेत. शिवानीला ते पटलं, म्हणूनच त्याचा जास्त राग आला. पण आकडे तिच्या बाजूचे होते. चाचणीत दोनशे बारा जणांना बॉम्ब मिळाला आणि दोनशे अकरा जणांनी तो टाकला. उरलेला एक जण पाचव्या चालीला खेळच बंद करून गेला होता. अर्धवट सोडणारे सगळीकडे असतात. तिनं त्याला यादीतून काढला, अहवालात शंभर टक्के लिहिलं आणि शनिवारी पाठवून दिला. राजनंदिनी खूश झाली. शिवानीची नोकरी कायम व्हायची ती याच खेळावर.

चाचणीसाठी तिनं हा खेळ अप्पांच्या, म्हणजे कल्याणरावांच्या, फोनवरही टाकला होता. अप्पांना खेळायला चंद्रभान पाहिजे होता. दुसरा कोण असणार? येलदरीच्या पॉवर हाऊसमध्ये दोघांनी तीस वर्षं एका पाळीत काढली होती, एका डब्यातून खाल्लं होतं. निवृत्त झाल्यावर चंद्रभान पेडगावला शेतीवर गेला आणि कल्याणराव परभणीत राहिले. तेव्हापासून रोज सकाळी दहाला चंद्रभानचा फोन यायचा आणि दोघं एकमेकांचा उद्धार करायचे. आता त्यात खेळाची भर पडली. दिवसाला एक चाल. नाही खेळली तर हुकली. चंद्रभाननं आपल्या राजधानीचं नाव पेडगाव ठेवलं होतं.

बुधवारी संध्याकाळी अप्पांनी त्या पेडगाववर बॉम्ब टाकला. पाचवी चाल होती, वाया कसा घालवायचा? शिवानीला हाक मारून त्यांनी काळा पडलेला नकाशा दाखवला आणि पोट धरून हसले. ते हसू जेवणाच्या ताटापर्यंत टिकलं. गुरुवारी फोन आला नाही. यांनी लावला तर बंद. शुक्रवारीही बंद, शनिवारीही बंद. साठी ओलांडलेला माणूस खेळातल्या गावावरून तीस वर्षांची दोस्ती तोडेल का, असं ते शिवानीला विचारत राहिले, आणि तोडेल असं उत्तरही स्वतःच देत राहिले.

शेवटी शिवानीनं लॅपटॉप पिशवीत टाकला आणि स्कूटी काढली. पेडगाव येईपर्यंत अप्पा मागे बसून माफीची वाक्यं जुळवत होते. तिला वाऱ्यात अर्धी ऐकू येत होती आणि अर्ध्यांनीच तिला भरून येत होतं. नियम तिचा होता.

चंद्रभान अंगणात फवारणीचा पंप उघडून बसला होता. कल्याणरावांना बघून त्याचा चेहरा असा खुलला, की जुळवलेली सगळी वाक्यं अप्पा विसरूनच गेले. त्याच्या बायकोनं, बायनाबाईनं, पाणी आणलं आणि उभ्या उभ्या गाऱ्हाणं सुरू केलं. चार दिवस झाले, या माणसानं फोन बंद करून गोधडीखाली दडवलाय, पोरीचाही फोन लागत नाही, वेड लागल्यागत करायलाय. चंद्रभान ओशाळला.

"काय सांगू तुला," तो म्हणाला. "मला बॉम्ब घावलता. चार दिस नंतर, नंतर म्हणून ढकललं. बुधवारी दुपारी बघतो तर एकच बटन, टाका. दुसरं कायबी न्हाई. आता समोर तू. म्हणून फोनच बंद करून टाकला. म्हणलं आठ-धा दिसांत सडंल आपोआप."

कल्याणराव बाजेवर बसले. शिवानीनं यादीतून काढलेला तो एक जण तिच्यासमोर पंपाचं वायसर चोळत बसला होता.

"पॉवर हाऊसात तेवढंच तर केलं आपण," चंद्रभान हसत म्हणाला. "तीस वर्षं सगळं बंद पाडणाऱ्या त्या लाल बटनावरची धूळ पुसली. दाबलं का कधी?"

याला काहीच माहीत नव्हतं. राग नव्हता, रुसवा नव्हता; त्याचं पेडगाव त्याच्या हिशेबी अजून उभं होतं. कल्याणरावांनी शिवानीकडे बघितलं आणि नजरेनंच तिच्या पिशवीकडे खूण केली. ती समजली. लॅपटॉप उघडायचा, दोन मिनिटांत पेडगाव पुन्हा वसवायचं, आणि मग चंद्रभाननं खुशाल फोन चालू करावा. तिनं पिशवीची चेन उघडली. बापाची अब्रू तिच्या हातात होती आणि त्या क्षणी तिला दुसरं काहीच नको होतं.

तिनं झाकण उघडेपर्यंत अप्पांनीच हात आडवा केला.

"म्या टाकला, चंद्रभान," ते म्हणाले. "तुझ्या पेडगाववर. बुधवारीच, सांजच्याला."

चंद्रभानचा चोळणारा हात थांबला. मग त्यानं उठून गोधडीखालचा फोन आणला, चालू केला आणि नकाशा पाहिला. बायनाबाईलाही दाखवला. तिला त्यातलं काही कळलं नाही, पण दोघांची तोंडं बघून ती चहा ठेवायला आत गेली. शिवानी घाईनं म्हणाली, की काका, मी परत आणते, माझ्या हातात आहे. चंद्रभाननं मान हलवली. पडलं ते पडलं, असू दे, असं काहीसं म्हणाला, आणि कल्याणरावांच्या शेजारी बाजेवर येऊन बसला. चहा झाला. तुरीच्या भावाचं बोलणं झालं. निघताना, उद्या दहाला फोन करतो, असंही तो म्हणाला. पण कुणी कुणाला एक शिवी दिली नाही, आणि तेच शिवानीला लागलं.

परतीच्या वाटेवर ती पुन्हा पुन्हा सांगत होती, की चूक तुमची नाही, दुसरं बटनच नव्हतं, मी ठेवलंच नव्हतं. अप्पा ऐकत होते.

"बटन असतं," ते शेवटी म्हणाले, "तरी म्या टाकलाच असता का? ह्येच सवताला इचारायलोय."

घरी आल्यावर तिनं पाच चालींचा नियम खोडला. बॉम्ब कधीच सडणार नाही. आणि ‘टाका’च्या शेजारी दुसरं बटन ठेवलं, ‘ठेवून द्या’. प्रत्येक चालीला ते येणार, खेळ संपेपर्यंत. तिनं ते राजनंदिनीला पाठवलं आणि खाली लिहिलं, की शनिवारचा अहवाल चुकीचा होता. नोकरीचं काय होईल, हा विचार तिनं पाठवून झाल्यावर केला आणि मग तिलाही एका जागी बसवेना.

पंधरा मिनिटांत उत्तर आलं. दोनशे अकरा जण टाकतात. तुझं हे दुसरं बटन दाबणार तरी कोण?

अप्पा येरझाऱ्या थांबवून तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी ते वाचलं. शिवानीनं टाइप केलं: ‘मला माहीत असलेले दोघं जण.’

"एकच लिही," अप्पा म्हणाले.