सुहासिनीबाईंना ठाऊक असलेले पासवर्ड

"ठसा उठत नाहीये," सुहासिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी बोट पुन्हा काचेवर दाबलं. यंत्राने पुन्हा लाल दिवा दाखवला.

मागे विधिमंडळाची समिती उभी होती. सरकारी संगणकांतली लोकांची माहिती सुरक्षित आहे का, एका खात्याचं दुसऱ्याशी जमतं का, हे बघायला ती पुण्यात आली होती. या कचेरीत घराची मालकी आणि घरपट्टी, दोन्हींवरचं नाव एकाच खिडकीवर बदलून मिळायचं. हा प्रयोग चालू ठेवायचा की गुंडाळायचा, हे समिती आज ठरवणार होती. समोरच्या खुर्चीत धायरीच्या मथुराबाई होत्या. नवरा गेल्यावर घर त्यांच्या नावावर व्हायचं होतं. प्रयोग गुंडाळला असता, तर त्यांना दोन खात्यांच्या पायऱ्या नव्याने झिजवाव्या लागल्या असत्या, आणि त्यांच्या गुडघ्यांनी तर आधीच असहकार पुकारलेला होता.

कचेरीचे साहेब जयसिंगराव कपाळ पुसत होते. बाकीचे सगळे संगणक पासवर्डवर उघडायचे. बोटाचं हे नवं यंत्र फक्त बाईंच्या टेबलावर आलं होतं, तेही समितीला दाखवायला.

बाईंची तगमग शेजारच्या टेबलावरच्या अवधूतला बघवेना. पोरगा मनाचा फार चांगला. तो मोठ्याने म्हणाला, "बाई, माझ्या नावाने जा ना! पासवर्ड आहेच की तुम्हाला पाठ!"

आपण काय बोललो हे अवधूतच्या लक्षात आलं, आणि तो टेबलाखाली काहीतरी शोधू लागला.

समितीच्या अध्यक्ष, आमदार स्पृहाताई, पुढे आल्या. "यांचा पासवर्ड आपल्याला माहीत आहे?"

खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. पण कसब्यात वाढलेल्या बाईंना खोटं बोलण्यापेक्षा टोचून बोलणं सोपं जायचं.

"यांचा एकट्याचा कशाला, सगळ्यांचा माहीत आहे. साहेबांसकट."

जयसिंगराव पंख्याकडे बघू लागले.

"मग उद्या इथून माहिती चोरीला गेली तर आम्ही धरायचं कुणाला?"

"मलाच धरा. कसब्यात राहते, चालत या, गाडी लावायला जागा मिळत नाही." कुणीतरी फिसकन हसलं, पण बाई हसल्या नाहीत. "चुकतंय, कळतं मला. पण अवधूतची आई आजारी होती तेव्हा हा आठवडाभर रजेवर. याच्या नावाशिवाय घरपट्टीचं पान उघडत नाही, आणि या मावशी तेव्हा अर्ज द्यायला धायरीहून रिक्षा करून आलेल्या. काय सांगायचं त्यांना? बदली माणसाला संगणकावर वेगळं नाव द्या म्हणून पत्रं लिहिली. मालकीवालं मुंबईचं खातं म्हणतं घरपट्टीवाल्या पुण्याच्या खात्याने मागावं, पुण्याचं म्हणतं मुंबईने द्यावं."

दोन्ही खात्यांचे अधिकारी समितीबरोबर आलेच होते, एकमेकांना खेटून उभे होते. स्पृहाताईंनी विचारलं, "तुमची ओळख आहे का हो?"

"पत्रातून आहे," मुंबईचे साहेब म्हणाले.

"मग आता तोंडी करून घ्या. बदली माणसाचं नाव कधी देताय, ते मला जेवायच्या आधी सांगा."

दोघांनी घाईघाईने हात मिळवले. स्पृहाताईंनी वाकून यंत्राची काच बघितली. "आणि हे लाल काय आहे?"

बाईंनी जीभ चावली. परवा खंडेनवमीला कचेरीतल्या सगळ्या यंत्रांची पूजा त्यांनीच केली होती. हे नवं, म्हणून त्याला ओलं कुंकू जरा सढळ हाताने लावलं होतं, तेही नेमकं काचेवर. त्यांनी पदराने काच खसाखसा पुसली, बोट ठेवलं, आणि हिरवा दिवा लागला. मथुराबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग काय, समितीनेही वाजवल्या.

"प्रयोग चालू राहील," स्पृहाताई म्हणाल्या, "पण आज, आत्ता, प्रत्येकाने पासवर्ड बदलायचा. आणि या बाईंना एकही कळता कामा नये. तोवर काम बंद."

बाई स्वतःहून उठल्या, मथुराबाईंना हात धरून व्हरांड्यात घेऊन आल्या आणि दार ओढून घेतलं. आत सगळे परीक्षेतल्या मुलांसारखे हाताचा आडोसा करून टाइप करत होते. बाईंना एकदम हलकं हलकं वाटलं. पण आता रजेच्या दिवशी, "बाई, तेवढं बघा ना," असा फोन कुणाचाच येणार नाही, हेही मनात आलं आणि डोळे भरून आले.

"तुमास्नी भाईर काढलं व्हय?" मथुराबाईंनी विचारलं.

"छे हो, मीच आले."

"मंग बसा की. जागा हाय."

मथुराबाई बाकावर सरकल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत बाई या बाकावर कधी बसल्या नव्हत्या. चांगलाच टणक होता. दोघी मांडीला मांडी लावून बसल्या, आणि मथुराबाई नातवाच्या खोड्या सांगू लागल्या.

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं आणि अवधूतने डोकं बाहेर काढलं. "झालं आमचं. या बाई, आत या."

"आधी मावशींना ने," सुहासिनीबाई म्हणाल्या. "त्या माझ्या आधीपासून बसल्यात."