गुण्याला इंग्रजीत काय म्हणतात?

शाळेनं परदेशी अभ्यासक्रम घेतला आणि नववीची मुलं गणितात पटापट मार्क मिळवू लागली. गणिताच्या बाईंना मात्र ते पचेना. सूत्रं तोंडपाठ, पण चढ म्हणजे काय विचारलं की मुलं पुस्तकातल्या केबल कारच्या चित्रावर बोट ठेवायची.

त्याच सुमारास शाळेच्या माळ्यावर जायला जिना हवा होता. बाईंनी मुख्याध्यापकांना गळ घातली, "आमची नववी बांधेल. सोबत माझे मामा असतील."

मामा सुतार. ते आढेवेढे घेऊ लागले. "चौथीत नापास झालेला माणूस मी. मी काय शिकवणार?"

"शिकवू नका. जिना करा. मुलं बघतील."

माळा नऊ फूट उंच. मामा म्हणाले, "पायरी सात इंचांची धरा." वर्गातल्या एका चुणचुणीत मुलीनं भागाकार केला. "मामा, पंधरा होऊन तीन इंच उरतात."

"मग शेवटची पायरी ठेंगणी ठेवतेस? माणूस तोंडावर आपटेल. उरलेलं सगळ्यांत वाट."

तिनं सोळा पायऱ्या केल्या, प्रत्येक पावणेसात इंचांची. पाय ठेवायला दहा इंच. कोन निघाला चौतीस अंश. मामांनी लाकडावर गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी, टेकवली, एका बाजूला पावणेसात आणि दुसऱ्या बाजूला दहा इंच धरून रेघ मारली, तिनं कोनमापक लावला. दोन्ही जुळले.

जिना उभा राहिला तेव्हा त्या अभ्यासक्रमाच्या मंडळाकडून परदेशी निरीक्षक बाई तपासणीला आल्या. मुलगी इंग्रजीतून झरझर सांगत होती, पण काटकोन तपासायच्या त्या अवजारापाशी अडली. तिनं गणिताच्या बाईंकडे पाहिलं.

"गुण्याच म्हण," बाई म्हणाल्या. "आणि दाखव."

तिनं दाखवला. निरीक्षक बाईंनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला, वहीत उतरवला आणि विचारलं, सूत्राशिवाय या गृहस्थांना कोन कसा कळतो? मुलीनं मामांना सांगितलं.

"म्हणावं, माझा हिशेब हातात, हिचा वहीत. फरक पडला असता तर जिना उकलला असता," मामा म्हणाले. तिनं तेही जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. निरीक्षक बाई हसल्या आणि थेट माळ्यापर्यंत चढून आल्या.

पुढच्या वर्षापासून सुतारकाम आणि गणित एकाच तासाला बसलं. मामा दर गुरुवारी येऊ लागले. गोल जिन्याचं काम ते आयुष्यभर टाळत आले होते. त्या मुलीकडून त्यांनी वर्तुळाचं गणित समजून घेतलं आणि पहिला गोल जिना त्याच वर्षी बांधला.