नववी ‘ब’ची शंका

भूगोलाच्या बाई दाढ काढायला गेल्या होत्या, तेवढ्यात शाळेत बैठक झाली आणि ‘झेप’ त्यांच्या गळ्यात पडली. ‘झेप’ म्हणजे मुलांना विद्यापीठापर्यंत जायची उमेद देणारा उपक्रम. दुसऱ्या दिवशी बाई सुजलेला गाल घेऊन आल्या तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "समन्वयक म्हणून तुमचं नाव एकमताने ठरलं. कुणीच विरोध केला नाही." विरोध करणारं एकच माणूस होतं, आणि ते दातांच्या डॉक्टरसमोर आ वासून बसलं होतं. आताही बाईंचं तोंड धड उघडेना. मुख्याध्यापकांनी तो होकार मानला.

पण बाईंचा स्वभाव असा, की नको असलेलं कामही एकदा अंगावर आलं की ते तडीला नेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी दर बुधवारी मधल्या सुट्टीनंतरचा तास मागून घेतला. भिंतीवर एक मोठा तक्ता लावला. त्यावर उंच जिना आणि अगदी वरच्या पायरीवर पदवीची टोपी घातलेला हसरा तरुण. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, हा चढला खरा, पण जिन्याला कठडा कुठेय?"

तो प्रश्न पानाचा. पाना ही प्लंबरची मुलगी. दप्तरात कंपासपेटीच्या शेजारी नट आवळायचा खराखुरा पाना बाळगायची म्हणून सगळी शाळा तिला त्याच नावाने हाक मारी आणि तीही मिरवे. शाळेतला एखादा नळ ठिबकायला लागला की शिपाई आधी तिलाच शोधत येई.

"मला विद्यापीठ कशाला, बाई?" ती म्हणाली. "बाबांच्या हाताखाली सगळं शिकतेच आहे. तिथे जाऊन मी वेगळं काय करणार?"

बाईंनी ज्ञानाच्या विशाल क्षितिजाबद्दल चार वाक्यं सांगितली. पाना शांतपणे ऐकत होती, आणि तेच जास्त झोंबलं. हिला एकदा विद्यापीठ डोळ्यांनी दाखवायचंच, असं बाईंनी त्या दिवशी मनाशी ठरवलं.

सहलीला सव्वीस मुलं निघाली. पानाच्या बाबांनी संमतीपत्रावर सही केली आणि खाली लिहिलं, ‘पाचला परत हवी. एका घरी गिझर बसवायचाय.’ विद्यापीठाच्या फाटकावर स्वागताला कुणीतरी येणार होतं. अर्धा तास झाला तरी कुणाचा पत्ता नाही. शेवटी बाईंनी विद्यापीठाकडून आलेल्या पत्रातलं ‘दुसरा मजला, सभागृह’ एवढं वाचलं आणि समोर दिसली त्या इमारतीचा जिना चढल्या. दुसऱ्या मजल्यावर सभागृह होतं. दाराशी घामाघूम झालेला एक कारकून होता. एवढी मंडळी पाहून त्याचा चेहरा उजळला. "या, या! नाहीतर आमच्याकडे ऐकायला चिटपाखरूही येत नाही."

आत एक तरुण बोलत होता, पुढे तीन जण बसून टिपणं काढत होते. विषय होता, शहराच्या जुन्या नळांमधली गळती आवाजावरून कशी शोधायची. स्वागताचं भाषण जरा जडच आहे, असं बाईंना वाटलं. पाऊण तासात निम्मी मुलं एकमेकांच्या खांद्यावर कलली. मग पुढच्या तिघांतल्या पांढऱ्या केसांच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात..." आणि भूगोलाच्या बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. ही तर डॉक्टरेटची तोंडी परीक्षा! सव्वीस मुलांना उठवून बाहेर न्यायचं म्हणजे खुर्च्यांचा गडगडाट. त्या देवाचं नाव घेत बसून राहिल्या.

"श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?" पांढऱ्या केसांच्या बाईंनी रीत म्हणून विचारलं.

हात वर झाला. भूगोलाच्या बाईंनी तो खाली ओढायचा प्रयत्न केला, पण पाना उभी राहिली होती.

"दादा, तुमचं यंत्र पाइपाच्या दोन टोकांना आवाज ऐकतं आणि मधे कुठे गळतंय ते सांगतं, बरोबर? पण जुन्या लोखंडी पाइपाला मधेच नवा प्लास्टिकचा तुकडा जोडला असेल तर? लोखंडातून आवाज लांबवर जातो, प्लास्टिकमध्ये लगेच मरतो. मग यंत्र भलतीच जागा दाखवणार ना?"

तरुण घोटभर पाणी प्यायला. "तीन ठिकाणी... खणल्यावर खाली कोरडं निघालं होतं," तो म्हणाला.

"तिथे जोड होता का?"

"ते... ते पाहिलं नाही."

पांढऱ्या केसांच्या बाईंनी खुर्ची गर्रकन मागे फिरवली. "तू कुठल्या विभागाची गं?"

"नववी ‘ब’."

तिघेही परीक्षक पोट धरून हसले. तरुणाला चौथं प्रकरण पुन्हा लिहायला सहा महिने मिळाले. भूगोलाच्या बाई माफी मागायला गेल्या तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, हिला वर्षभर आधी आणलं असतंत तर फार उपकार झाले असते."

पंधरा दिवसांनी पानाचे बाबा तडक शाळेत आले. मागे पाना.

"बाई, तुम्ही हिला विद्यापीठात धाडणार होतात ना? इथे विद्यापीठच माझ्या दुकानात येऊन बसलंय! तो प्रबंधवाला पोरगा रोज वही घेऊन येतो. मी पाना उचलला की ‘का?’, ठेवला की ‘का?’. आणि आता हिलाही तोच रोग. काल गिऱ्हाइकासमोर म्हणते, बाबा, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण का बरोबर ते तुम्हाला माहीत नाही!"

"मग नाहीच ना माहीत," पाना पुटपुटली. मग बाईंकडे वळली. "बाई, त्या खुर्ची फिरवणाऱ्या बाई आहेत ना, सगळ्यांना प्रश्न विचारतात आणि सगळ्यांना उत्तर द्यावंच लागतं, त्यांच्यासारखं व्हायला काय करावं लागतं?"

बाईंनी बोटांवर मोजलं. शाळा, पदवी, पुढची पदवी, मग प्रबंध. "तेरा-चौदा वर्षं," त्या भीत भीत म्हणाल्या.

"बाप रे," बाबा मटकन खुर्चीत बसले. "एवढ्या वर्षांत मी अख्ख्या शहराचे नळ बदलेन."

"बदला की," पाना म्हणाली. "कुठे काय जोडलंत ते मात्र लिहून ठेवा. मला लागेल."

बाबांनी शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली आणि बाईंच्या टेबलावरची एक कोरी वही ओढली. "ही नेऊ का, बाई?"