बेलाइदची कात्रेल आणि सातवं वळण

फेरूजाचं लग्न डोंगरावरच्या तिझी गावात ठरलं, तेव्हा खालच्या अगुनी गावाला आनंद झाला, पण तिच्या बापाला, बेलाइदला, काही तो झाला नाही. तिझी काही परदेशात नव्हतं. अंगणात उभं राहून मान वर केली की तिथली घरं दिसत. चार किलोमीटर, नऊ वळणं. पण रीत आडवी येत होती. मुलगी निघताना बापाने दारात उभं राहायचं, अंगावरचा पांढरा लोकरी झगा, बर्नूस, हाताने वर धरायचा, मुलीने त्याच्या बगलेखालून वाकून बाहेर पडायचं, की झालं. वरात वर जाते, आईबाप घरात राहतात. सत्तावीस वर्षं वाढवलेली मुलगी बगलेखालून निसटू द्यायची आणि मागे बसून उरलेला कुस्कुस गिळायचा, हे काही बेलाइदला पटेना. अजून चार किलोमीटर तिच्याबरोबर मिळाले पाहिजेत, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं.

म्हणून बोलणी करायला वरची मंडळी आली आणि नवऱ्या मुलाचा काका बूसाद याने विचारलं, "बोला बेलाइददा, तुमची अट काय?" तेव्हा तो शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाला, "मुलगी माझ्या गाडीतून जाईल."

बूसाद सिमेंट विकायचा. त्याच्याकडे काळी, लांबलचक डिझेल गाडी होती आणि तिला शोभतील अशा मिशा होत्या. त्याने अंगणात डोकावून पाहिलं.

"गाडी? मला तर खुराडंच दिसतंय."

ते खुराडं म्हणजे एकोणीस वर्षांची कात्रेल, एक छोटी फ्रेंच गाडी. कागदावर तिचे सव्वीस घोडे होते. त्यातले किती अजून हयात होते ते अल्लाला ठाऊक. छत्रीच्या मुठीसारखा तिचा गिअर डॅशबोर्डातून बाहेर यायचा, आणि तो कधी ओढायचा, कधी ढकलायचा, कधी त्याची मनधरणी करायची, हे एकट्या बेलाइदला कळायचं.

"माझ्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही," बेलाइद म्हणाला. "म्हणजे चालवायला मलाच यावं लागणार. नाइलाज आहे."

त्याचा डाव सगळ्यांच्या लक्षात आला. सगळे ताऊस म्हातारीकडे बघू लागले. ती नवऱ्या मुलाची आजी, आणि दोन्ही गावांच्या रीतीभाती तिच्या पदराला बांधलेल्या. म्हातारीने कॉफीचा घोट घेतला.

"बाप जात नाही," ती म्हणाली. "पण ड्रायव्हर जातो. ड्रायव्हर काय, कुठेही, दारूखान्याबाहेरसुद्धा, उभा राहतो."

"ठीक आहे," बूसाद मिशांतून हसला. "पण नवरीची गाडी वाटेत थांबणं वाईट. थांबली, तर नवरी माझ्या गाडीत आणि ड्रायव्हर पायी घरी. कबूल?"

"कबूल," बेलाइद म्हणाला. त्याने आयुष्यात कात्रेल घेऊन सातवं वळण कधी पार केलं नव्हतं.

सातव्या वळणावर रस्ता असा उभा राहतो की माणसंसुद्धा तिथे बोलणं थांबवतात. बेलाइदच्या हातात दोन महिने होते. आधी कार्ब्युरेटर उघडून त्याची भोकं घोड्याच्या शेपटीच्या केसाने साफ केली. टायर इतके फुगवले की वाजवले तर डफासारखे वाजत. चार किलोमीटरपुरता पंख्याचा पट्टा काढून ठेवला तर इंजिनाचा तेवढाच भार हलका होतो, हेही त्याने शोधून काढलं. मग तो वजनाच्या मागे लागला. जादा चाक काढलं, दोन्ही बंपर काढले, मागचं दार बिजागऱ्यांसकट काढलं. आरसे काढले. राखदाणी काढली. हँडब्रेकचा दांडा तेलघाण्यावरच्या काट्यावर ठेवला आणि त्याचं वजन बघून "इतकी वर्षं हे ओझं वाहत होती बिचारी" म्हणत त्याने डोळे पुसले.

"अहो, काट्यावर आधी स्वतः उभे राहा," त्याची बायको दाहबिया म्हणाली.

तो उभा राहिला. त्या दिवसापासून त्याने भाकरी सोडली, ऑलिव्हचं तेल सोडलं, आणि नुसत्या ताकावर राहू लागला.

"आता मिशाही काढा, पाव किलो तरी उतरेल."

बेलाइदने मिशांना हात लावून बराच वेळ विचार केला. दाहबियाने कपाळावर हात मारून घेतला. त्यावरही तिने त्याला माफ केलं असतं, पण त्याच संध्याकाळी तो दबकत म्हणाला, "फेरूजाचे दागिने... चार किलो चांदी आहे गं. मागच्या गाडीतून पाठवले तर?" तेव्हा ती रव्याची चाळण घेऊन त्याच्या मागे धावली आणि पुढचे तीन दिवस त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.

सराव रोज व्हायचा. फेरूजाच्या जागी अठ्ठावन्न किलो रव्याचं पोतं मागच्या सीटवर बसायचं. दागिन्यांच्या जागी चार किलोचा दगड. वाऱ्याचा अंदाज यावा म्हणून पोत्याला ओढणीही बांधलेली. वाटेत बेलाइद पोत्याशी बोलायचा, कारण त्या दिवशी बोलतानाही गाडी चालवावी लागणार होती. पोतं समंजस होतं. गाडी नव्हती. सातव्या वळणावर ती खोकायची, थरथरायची आणि बसायची. अकरा वेळा गेला, अकरा वेळा बसली. वर तिझीचे लोक कठड्यावर कॉफी घेऊन बसायला लागले. "आज कालच्यापेक्षा एक वीत पुढे आली," असं कुणी म्हटलं की बूसाद म्हणायचा, "मग आपल्या नातवंडांच्या लग्नापर्यंत पोचेल."

बाराव्या वेळी गाडी बसली तेव्हा बेलाइदचा ताबा सुटला. त्याने रागारागाने ती वळवली, शिव्या घालत तोंड घराकडे केलं, आणि त्याच रागात गिअरची मूठ अशी ढकलली की रिव्हर्स पडला. कात्रेल मागच्या मागे चालू लागली. म्हणजे वर. रिव्हर्स हा तिचा सगळ्यात हळू आणि सगळ्यात दमदार गिअर. शिवाय तिची ओढणारी चाकं पुढची, ती आता उताराच्या बाजूला आली, सगळा भार त्यांच्यावर पडला आणि त्यांनी रस्ता घट्ट धरला. सातवं वळण गेलं, आठवं गेलं. नवव्या वळणावर कठड्यावरच्या लोकांनी पाहिलं, की एक गाडी ढुंगण पुढे करून आपल्याकडे येतेय आणि आतला माणूस पोत्याला मिठी मारायला बघतोय.

दुसऱ्याच दिवशी ताऊस म्हातारी काठी टेकत नऊ वळणं उतरून अगुनीत आली. बसलीही नाही.

"बेलाइद, नवरीने बापाच्या घराकडे वळून बघायचं नसतं. बघितलं तर ती परत येते. माझ्या मावशीने बघितलं, आठवड्यात परत आली. आणि तू हिला चार किलोमीटर बापाच्या घराकडे तोंड करून नेणार?"

"पण आजी, गाडी तर वरच जातेय!"

"गाडीचं लग्न नाहीये."

दीड महिना, बारा चढाया, ताक, सगळं पाण्यात गेल्यासारखं बेलाइदला वाटलं. फेरूजा शाळेत भूगोल शिकवायची, आणि दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "मग माझी सीट फिरवा ना."

मागची सीट चार बोल्टांवर होती. फिरवली. मागचं दार नव्हतंच. आता नवरी त्या मोकळ्या चौकटीत सिंहासनावर बसल्यासारखी बसणार, तोंड सासरकडे, पाठ बापाकडे. म्हाताऱ्या ताऊसने सीटभोवती दोन फेऱ्या मारल्या, रीतीत खोट काढता येते का ते पाहिलं, आणि काढता न आल्यामुळे नाराज होऊन परत गेली.

लग्नाच्या दिवशी सकाळी बेलाइदची मान धरली. पंधरा दिवस बाजारालाही तो रिव्हर्समध्ये जात होता, मान मागे वळवून वळवून. आज ती समोर बघून जी अडकली ती हलेना. दाहबियाने कोमट तेल चोळलं.

"सगळे आरसे काढलेत," ती म्हणाली, "आणि आता मानही गेली. कसे नेणार हो तिला?"

"मी सांगेन रस्ता," फेरूजा म्हणाली.

त्याने दारात बर्नूस वर धरला. ती त्याच्या बगलेखालून वाकून गेली. मान वळत नव्हती, त्यामुळे ती जाताना त्याला दिसली नाही. दागिने वाजले तेवढे ऐकू आले. मग तो सगळ्यांसमोर बर्नूस काढून, घडी करून, दाहबियाच्या हातात देऊन ड्रायव्हर झाला.

वरात निघाली. पुढे कात्रेल, पाठमोरी. तिच्या नाकाला नाक लावून बूसादची काळी गाडी, आणि तिच्यामागे बारा गाड्या हॉर्न वाजवत. बेलाइदला समोरच्या काचेतून बूसाद दिसत होता. बूसादला बेलाइद दिसत होता. दुसरं बघायला दोघांनाही काही नव्हतं.

"डावीकडे, बाबा," मागून आवाज आला. "अजून. सरळ. आता वळण येतंय, मी म्हटलं की वळा."

"ठीक बसलीस ना?"

"बसलेय. काही खाल्लंत का सकाळपासून?"

"वजन!"

"मी अंजिरं आणलीत. अर्धा किलो."

"अर्धा किलो? फेकून दे!"

"बघा हं. खाऊन टाकते."

"खाल्लीस तरी गाडीतच राहणार ना ती!"

फेरूजा हसली. तिच्या हसण्याने सीट हलली ती बेलाइदच्या पाठीला जाणवली. मग मेंदीने रंगलेला एक हात उलटा येऊन त्याच्या कानाशी थांबला. हातात अंजीर होतं. बेलाइदने वजनाचा विचार केला आणि तोंड उघडलं.

असं सहा वळणं चाललं. ती डावं-उजवं सांगत होती, अधूनमधून अंजीर येत होतं, आणि वर्गात पोरांना नकाशा समजावावा तसा ती त्याला त्याचाच डोंगर समजावत होती. बेलाइद इतका सुखात होता की इंजिनातून वाफ येतेय याचं त्याला काही वाटलं नाही.

सातव्या वळणावर कात्रेल खोकली. वेग कमी झाला. इतका कमी झाला की बाजूने गात चाललेल्या बायका नवरीच्या गाडीला मागे टाकून पुढे गेल्या.

"मी उतरू का, बाबा?"

"तू उतरायला गाडी थांबवावी लागेल!"

बूसादच्या मिशा समोर फुलल्या. पण त्या वेगाने चढावर चालणं कात्रेललाच जमत होतं. काळ्या गाडीला तसलं चालणं माहीत नव्हतं. बूसाद क्लच दाबत होता, सोडत होता, दाबत होता. जळक्या रबराचा वास सुटला, बॉनेटखालून धूर आला, गाडीने एक आचका दिला आणि ती रस्त्यात आडवी बसली. मागच्या बाराही गाड्या तिच्यामागे अडकल्या.

काचेतला बूसाद लहान लहान होत गेला. बेलाइद मोठ्याने हसला, आणि हसता हसता थांबला. बूसाद दिसेनासा झाल्यावर समोरच्या काचेत दुसरंच काही आलं. खाली, लांब, त्याचं घर. गच्चीवर पांढरा ठिपका होता, तो म्हणजे बर्नूस घेऊन उभी असलेली दाहबिया. बेलाइदच्या तेव्हा लक्षात आलं की चार किलोमीटर कमावण्यासाठी आपण दोन महिने झिजलो, आणि त्या चारात पोरीचा चेहरा एकदाही दिसला नाही. दिसल्या त्या बूसादच्या मिशा. त्याला रडू फुटलं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"उजवीकडे, बाबा. हळू. आता घरं आली."

तिझीच्या चौकात गाडी थांबली. हँडब्रेक नव्हता म्हणून चार जणांनी चाकांखाली दगड दिले. बायकांचा गलका उठला. सासरच्या दारात ताऊस म्हातारी नवरीने चौकटीला लावायच्या लोण्याची वाटी घेऊन उभी होती. बेलाइद बाहेर पडला आणि मान वळत नव्हती म्हणून अख्खा वळला.

फेरूजा उतरत होती. घेरदार झगा आणि चार किलो चांदी घेऊन उंचावरून कुणीही उतरतं तसंच ती उतरली, शिडीवरून उतरल्यासारखी, तोंड आत करून, आधी एक पाय, मग दुसरा. जमिनीवर पाय टेकले तेव्हा ती बापाकडे बघत होती. तिचे डोळे लाल झाले होते आणि हनुवटीला अंजिराचा रस लागला होता.

"चल, वळ आता," ताऊस मागून म्हणाली.

"वळायचं नाही म्हणालात ना आजी," फेरूजा म्हणाली.

म्हातारीने सगळ्या रीती आठवून पाहिल्या. नवरीने पाठमोरं घरात शिरू नये अशी रीत कुठल्याच गावात नव्हती, कारण हे कुणी कधी केलंच नव्हतं. फेरूजाने बापाच्या चेहऱ्यावरची नजर न काढता एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. तिच्या मागे उंबरा होता, त्याच्याआधी दोन दगडी पायऱ्या होत्या, आणि ते तिला दिसत नव्हतं.

"डावीकडे, बाळ," बेलाइद म्हणाला. त्याने हातानेही दाखवलं. "थोडी डावीकडे. अजून. आता हळू, पायरी आहे."