मागून हाक

आमच्या गावात निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. त्याची छत्री राहो की भाकरीचं गठुडं, धावत जायचं, त्याला ओलांडून पुढे व्हायचं आणि समोरून द्यायचं. पाठीवर हाक पडली की त्याचं काही खरं नाही, असं लहानपणापासून आमच्या कानात भरलेलं. या रीतीपायी कुणाची नोकरी धोक्यात येईल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

कृष्णात माझा शाळूसोबती. सांगलीला इंग्रजी शिकला, लढाईत वायरलेसवर गेला आणि लढाई संपल्यावर विमानतळावर लागला. उंच मनोऱ्यात बसून विमानांना कधी उतरायचं, कधी सुटायचं, कधी थांबायचं ते सांगण्याचं काम. अठ्ठेचाळीसच्या फाल्गुनात तो रजेवर आला तो तोंड पाडूनच. कृष्णेच्या घाटावर पाण्यात पाय सोडून आम्ही बसलो, तेव्हा कुठे बोलता झाला.

"लालासाब, आता सगळ्या देशांनी मिळून ठरीवलंय. मनोऱ्यातला मानूस कराचीचा आसू दे न्हाईतर कैरोचा, शिक्षान एकच, परीक्षा एकच, शब्द तेच. ईमानवाला कुटनंबी येऊ दे, त्येला वाटलं पायजे, समदीकडं एकच मानूस बोलतोय."

ऐकून मला गुंगीच आली. समोर पाणी चकाकत होतं, पलीकडे उसाचे तुरे डुलत होते, आणि मला दिसू लागलं, साऱ्या जगावर एकच आवाज पसरलाय, सायीसारखा मऊ, आणि त्या आवाजावरून विमानं अलगद घरंगळत खाली येताहेत. मला वाटलं, माणसांनी एवढं एक तरी शहाणपणाचं केलं.

"मग तुजं घोडं कुटं अडलं?"

"सरावात ईमान सुटलं, आन् धावपट्टीवर मोटार आडवी आली. 'स्टॉप' म्हनायचं. एवढंच. माजी जीभच उचलंना, गड्या. निगालेल्याला मागनं हाक कशी मारू?" त्यानं पाय पाण्यातून बाहेर काढले. "फुडल्या म्हैन्यात परत बगनार हायत. तवाबी न्हाई जमलं, तर घरी."

मला आधी हसू आलं, मग संताप आला. बाँबच्या आवाजात न हललेला गडी, आणि एका शब्दाला भितो? म्हटलं, चल, मी तुला तयार करतो. दुपारी आम्ही माळावर गेलो. धोतर खोचून, हात पसरून मी विमान झालो. मी सुटायचं आणि त्यानं बांधावरून "स्टॉप" म्हणायचं. मी सुटलो. मागून हाक नाही, पण धाडधाड पावलं वाजली. कृष्णात पळत मला ओलांडून पुढे गेला आणि हात आडवे करून उभा राहिला.

"आरं येड्या," मी ओरडलो, "मनोऱ्यातनं उडी टाकून ईमानाफुडं उभा ऱ्हानार हायस काय रं?"

पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेजारच्या खळ्यावर शिजवलेली हळद वाळत घातली होती. कृष्णातची आई, चंद्राबाई, ती हळद हलवता हलवता आमचे चाळे बघत होती. हात पुसत ती आली.

"मी हुते ईमान," ती म्हणाली. "बगू, मला थांबीव."

आणि ती चालू लागली. उन्हाच्या झळा उठत होत्या. तिचं हिरवं लुगडं त्या झळांत थरथरलं, पातळ झालं, पाय जमिनीला लागतात की नाही कळेना. कृष्णात तोंड उघडून उभा. आवाज नाही. ती नदीच्या बाजूनं लहान लहान होत गेली, आणि खरं सांगतो, ती आता परत येणार नाही असं मला वाटलं.

ती आपणहून परत आली. बांधावर बसली.

"गुंडा गेला तवा मी आशीच उभी हुते," ती म्हणाली. गुंडा तिचा थोरला, लढाईवर गेला तो मिसरच्या वाळूतच राहिला. "त्यो वाटंला लागला, आन् मनात आलं, हाक मारावी, एकडाव त्वांड बगावं. न्हाई मारली. म्हनलं, वाईट हुईल त्येचं." तिनं पदर झटकला. "कुटं चांगलं झालं?"

कृष्णातनं मान खाली घातली. गुंडा गेल्यापासून या बाईला मी रडताना पाहिलं नव्हतं, आणि आताही ती रडत नव्हती.

रजा संपली. सकाळी फाट्यावर सांगलीची सर्व्हिस मोटार उभी होती, वर टपावर गुळाच्या ढेपा बांधलेल्या. नदीवरून धुकं येत होतं, आणि त्यात मोटार, माणसं, चिंचेचं झाड, सगळं अर्धवट झोपेतल्यासारखं दिसत होतं. कृष्णात आईच्या पाया पडला, ट्रंक उचलली आणि पाठ फिरवून चालू लागला. पायरीवर त्यानं पाय ठेवला.

"कृष्णाऽऽऽ!"

सगळा फाटा दचकला. एका म्हातारीनं कपाळावर हात मारला. मोटारीतली माणसं चंद्राबाईकडे अशी बघू लागली, की जणू तिनं पोराला शापच दिलाय. मला त्या साऱ्यांच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

कृष्णात जागच्या जागी थांबला. वळला. ट्रंक खाली ठेवून परत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय, आये? काय ऱ्हायलं?"

"काय न्हाई." तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं. हळदीनं तिची बोटं पिवळी झाली होती. बराच वेळ ती बघत राहिली, आणि तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"जा आता," ती म्हणाली. "आन् तितं ज्येला थांबवायचं त्येला थांबीव, बाबा. कुटल्याबी देशाचा आसंना. त्येची आयबी घरी वाट बगत आसंल."