वरच्या फळीवरची सहा कार्डं

पहाटे बालाजी घाटावर स्नान, घरी येऊन अथर्वशीर्ष, मग कामावर, प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात, प्रत्येक उंदराचं वजन. ते वहीत उतरेपर्यंत मी बोलत नाही. प्रयोगाला आठवड्यातून एकदा वजन पुरे होतं, म्हणून तिथला विद्यार्थी विश्वेश याला वजनव्रत म्हणायचा आणि उद्यापन कधी, असं रोज विचारायचा. मी हसून सोडून द्यायची. धरलेला नेम मधेच कसा सोडायचा?

प्रयोग शास्त्रज्ञ नीरजाताईंचा. मेंदूतल्या गाठीच्या पेशी एक द्रव्य सोडून शरीराच्या पहारेकऱ्यांना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींना, झोपवतात. ताईंनी त्या द्रव्याचं जनुकच पेशींतून काढून टाकलं होतं. बारा पांढरे उंदीर, बारा पिंजरे, प्रत्येकावर आकड्याचं कार्ड अडकवलेलं; वरच्या फळीवर एक ते सहा, खालच्या फळीवर सात ते बारा. नवरात्राआधी विषम आकड्यांच्या उंदरांना या बदललेल्या पेशींची लस टोचली, सम आकड्यांच्यांना साध्या पेशींची. दसऱ्यानंतर सगळ्यांच्याच मेंदूत खरी गाठ रुजवली. पहारेकरी जागे झाले असतील तर विषम जगतील, सम जातील.

देवदीपावलीच्या आधी निकाल आला. सहा जगले, सहा गेले. पण विषमांतले तीन आणि समांतलेही तीनच. म्हणजे लशीचा उपयोग शून्य.

तीन वर्षांचं काम. ताई रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. शुक्रवारच्या बैठकीत प्रयोग बंद करते म्हणून सांगेन, एवढंच म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

मला राहवेना. मी वही उघडली. दसऱ्याला नवं पान सुरू करायची माझी पद्धत, त्यामुळे नवमीची आणि दसऱ्याची वजनं मी कधी शेजारी ठेवून पाहिलीच नव्हती. नवमीला एक नंबर २१८ ग्रॅम, सहा नंबर २४६. दसऱ्याला एक नंबर २४७, सहा नंबर २१९. दोनचं वजन पाचला, तीनचं चारला. खालच्या फळीवर मात्र सगळं जागच्या जागी.

मग आठवलं. खंडेनवमीला वजनं झाल्यावर मी कुणाला न विचारता प्राणिगृहात पूजा केली होती. तराजू पूजला, वरच्या फळीवरची कार्डं काढून ताटात मांडली, हळदकुंकू वाहिलं. परत अडकवताना उलट्या टोकापासून सुरुवात केली असणार. खाली वाकायला गुडघा देत नव्हता, म्हणून खालच्या फळीवर नुसती फुलं ठेवली होती.

मी गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. पण मग संध्याकाळी देवापुढे दिवा कोणत्या तोंडानं लावायचा? वही घेऊन ताईंकडे गेले.

"ताई, चूक माझी आहे. पूजेत कार्डं उलटी लागली."

त्यांनी दोन्ही पानं तीनदा पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "काकू, वजन हा इशारा झाला. पुरावा रक्त देईल."

बदललेल्या पेशींत ओळखीसाठी एक परकं प्रथिन घातलेलं होतं. ज्याला ती लस टोचली, त्याच्याच रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होणार. दसऱ्यानंतर घेतलेलं सगळ्यांचं रक्त गोठवून ठेवलेलं होतं. विश्वेशनं नळ्यांवरचे आकडे झाकून खुणा घातल्या आणि त्या दुसऱ्या प्रयोगशाळेत दिल्या. तपासणाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं. दोन दिवस मी दुधावर राहिले.

गुरुवारी दुपारी कागद आला. विश्वेशनं खुणा उलगडून वाचायला घेतलं आणि त्याचा आवाज चढत गेला. खालच्या फळीवर विषम कार्डांच्या रक्तात प्रतिपिंडं. वरच्या फळीवर सम कार्डांच्या. एकही नळी चुकली नाही. जगलेले सहाच्या सहा बदललेल्या पेशींचे होते. गेलेले सहाच्या सहा साध्या पेशींचे.

ताई उठल्या आणि माझे दोन्ही हात धरून उभ्या राहिल्या.

शुक्रवारी बैठकीत त्यांनी माझी चूकही सांगितली आणि वहीही दाखवली. रोजचं वजन आता प्रयोगाच्या नियमांत आहे. विश्वेश सकाळी आठला स्वतः तराजूपाशी उभा असतो, तोंड मिटून.

"पुढच्या नवमीला पूजा आहे ना, काकू?" काल त्यानं विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "कार्डं न काढता."