तिसरे पेडल

मी एक जुनी, लाल, दोन दारांची मोटार आहे. मित्रांनो, बघायचे तर लांबून बघा. माझ्या बॉनेटवर हात ठेवून फोटो काढणाऱ्यांचा मला मनस्वी तिटकारा आहे, आणि 'किती गोंडस!' म्हणणाऱ्यांचा तर त्याहून जास्त. मी गोंडस नाही. मी घाट चढणारी गाडी आहे.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. चालवणाऱ्याच्या हाताला रस्ता कळला पाहिजे, एवढी एकच गोष्ट मला घडवणाऱ्यांनी मनावर घेतली होती. म्हणून माझे स्टिअरिंग जड आहे, सीट कडक आहे आणि पायाशी तीन पेडल आहेत: क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. गिअर हाताने टाकावे लागतात. ज्याला हे जमत नाही त्याने खुशाल बसने जावे.

मला विकत घेतले शिन्शूच्या डोंगरातल्या एका न्हाव्याने. त्याचे नाव कुरामोची इवाओ. सोमवारी दुकान बंद असे. त्या दिवशी तो मला पुसून, तेलपाणी बघून घाटात नेई. तेव्हा गावातली पोरे मला बघायला दुकानापाशी घुटमळत. पुढे इवाओची बायको गेली, गिऱ्हाइकांना टकले पडली, माझा रंग उडाला. 'अजून हे खटारं ठेवलंय का?' असे कुणी खुर्चीत बसून विचारले, की इवाओ त्याचे केस जरा जास्तच बारीक कापी. मला ते आवडत असे.

मग त्याची मुलगी चिगुसा नवऱ्याशी काडीमोड घेऊन ओसाकाहून परतली. घाटापलीकडच्या वृद्धाश्रमात तिला एप्रिलपासून नोकरी मिळाली होती. तिकडे जाणारी बस उतारूंअभावी केव्हाच बंद झाली होती. गाडी चालवता आली तर नोकरी, नाहीतर पुन्हा ओसाका. आणि ओसाकाचे नाव काढले तरी तिचा चेहरा बदलत असे. त्यात आमच्याकडे गाडी ठेवायला जागा असल्याचा पोलिसांचा दाखला नसेल, तर नवी गाडी घेता येत नाही. दुकानाशेजारी जागा एकाच गाडीची होती. नवी आली की माझी गच्छंती ठरलेली.

एका सोमवारी तोकुरा नावाचा विक्रेता पांढरी गाडी घेऊन आला. केवढी ती उंच! दार उघडले की टुंई, पट्टा लावला नाही की टुंई, मागून मांजर गेले तरी टुंई. पहिल्या टुंईलाच माझे तिच्याशी हाडवैर जडले.

"याहून सुरक्षित गाडी नाही," तोकुरा कमरेत वाकून म्हणाला. "चिगुसासान, परवाना बघू का जरा? अरे वा! सोनेरी!"

आमच्याकडे पाच वर्षे एकही गुन्हा नसला, तर परवान्यावर सोनेरी पट्टी मिळते. इवाओची पट्टी निळी होती. घाटात त्याला पोलिसाने वेगासाठी धरले होते.

"बघा बाबा," चिगुसा म्हणाली. "गाडी कुणी निवडायची ते सरकारनंच सांगितलंय. निळेवाल्यांनी गप्प बसायचं."

"सोनं आधी घासून बघतात," इवाओ गुरगुरला. "आण ती किल्ली. बघतो तुझ्या पांढरीला."

तिघेही आत बसले. त्या गाडीला दोनच पेडल होती. पण इवाओच्या डाव्या पायाला ते कोण सांगणार? जन्मभराच्या सवयीने त्याने क्लच दाबायला तो पाय जोरात मारला, आणि तिथे होता रुंद ब्रेक. गाडी जागच्या जागी गचकली. मागे बसलेल्या तोकुराचे नाक पुढच्या सीटवर आपटले. टुंई टुंई टुंई! मी मनापासून खूश झाले.

"माणसं मारायचीत का तुम्हाला?" चिगुसा किंचाळली. "उतरा खाली! वय झालंय तुमचं, करा ना कबूल एकदाचं!"

"मग तू चालव की, सोन्याची बाई!"

चिगुसा चालकाच्या जागी बसली. स्टिअरिंगवर हात ठेवले आणि बसूनच राहिली. तोकुराने कुठले बटण दाबायचे ते सांगितले, पुन्हा सांगितले. शेवटी ती उतरली आणि दार धाडकन लावले.

"परवाना काढला तो पाकिटात ठेवला. त्यानंतर गाडीला हातच लावलेला नाही मी," ती म्हणाली. "गुन्हा होणार कसा? आमच्यासारख्यांना कागदी ड्रायव्हर म्हणतात. झालं समाधान?"

हसू नका, मित्रांनो. गाडी बाहेरच काढत नाही त्याचा परवाना सोनेरी होतो, आणि तो बघून भलेभले फसतात.

तोकुरा मात्र कसला वरमतोय! "मग तर हीच घ्या! तुम्हाला फारसं काही करावंच लागत नाही. सगळं गाडीच सांभाळते."

"म्हणजे घाटात माझी पोरगी नुसतं सामान?" इवाओ म्हणाला. "उचल तुझं हे कपाट!"

दुसऱ्या दिवसापासून चिगुसा माझ्या वाट्याला आली. ओस पडलेल्या एका मैदानात शिकवणी सुरू झाली. ती मला शिव्या देई, मी तिला हिसके देई.

"अगं, क्लच आहे तो, दाराची कडी नाही! हळू सोड!"

"तुम्ही ओरडायचं थांबा, मग सोडते हळू!"

घरी जाताना बापलेक एकमेकांशी बोलत नसत आणि मी दोघांशीही. पण एका दुपारी, घाटातल्या पहिल्या वळणाआधी, तिने नेमक्या वेळी गिअर उतरवला. मी वळायला हवे तशी वळले. चिगुसा मोठ्याने हसली. "बाबा, परत! परत तेच वळण घेऊ या!" मला आनंद झाला, आणि झाला म्हणून स्वतःचाच रागही आला.

मार्च संपत आला होता. घाटात सावलीच्या वळणांवर अजून बर्फ होते. अशाच एका वळणावर हरीण आडवे आले. चिगुसाने वेळेवर ब्रेक दाबला. पण माझी चाके जाम झाली, स्टिअरिंग दाद देईना, आणि मी सरळ घसरत जाऊन रस्त्याकडेच्या गटारात कलंडले. तिचे कपाळ स्टिअरिंगवर आपटले. आपटताना फुगणारी उशी माझ्यात नाही. शेजारी बसलेल्या इवाओने गळ्यातला पंचा काढून तिच्या जखमेवर दाबून धरला.

"चुकले ना मी?" चिगुसाने रडत विचारले.

"नाही. तू सगळं बरोबर केलंस," इवाओ म्हणाला. "हिच्याकडेच तुला द्यायला काही नव्हतं."

मित्रांनो, मला आजवर पुष्कळांनी नावे ठेवली. इतके कुणी दुखावले नाही, कारण हे खरे होते.

घरी आल्यावर इवाओने स्वतः तोकुराला फोन लावला. "कपाट नको. तीन पेडल पाहिजेत. शिवाय तुझ्या त्या उशा, आपोआप थांबणं, चाक जाम न होणं, तेही सगळं पाहिजे."

"दोन्ही एका गाडीत? तसं फारसं कुणी मागत नाही हो!"

"मी मागतोय."

"पण ती टुंई करते, बरं का."

"करू दे."

तोकुराने कुठूनशी एक बुटकी, राखाडी गाडी शोधून आणली. चिगुसाने ती घाट चढून उतरून पाहिली आणि मगच होकार दिला. माझी नंबरपाटी काढली गेली आणि मला मागच्या पडवीत ढकलले. इवाओ सोमवारी येऊन मला पुसतो, पण किल्ली आणत नाही. उंदीर मात्र रोज येतात.

तुमच्या घरी गाडी घेतील तेव्हा रंग आणि परवाने बघत बसू नका. ज्याला ती चालवायची आहे त्याला त्याच्या रोजच्या रस्त्यावर चालवू द्या. त्याला हसू आले, तर गाडी अर्धी पसंत. मग विचारा, याची काही चूक नसताना हरीण आडवे आले, तर ही याला कशी वाचवील? उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका, विक्रेता कितीही वाकला तरी.

त्या राखाडी कार्टीचा मला अजूनही संताप येतो. माझ्या जागेवर ती उभी असते, हे मी विसरणार नाही. पण संध्याकाळी अंधारून आले, की मी घाटाकडे कान लावते. इवाओही गिऱ्हाईक खुर्चीत तसेच सोडून, वस्तरा हातात धरून दाराशी येतो. वरच्या वळणावर गिअर बदलल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत आम्ही दोघेही हलत नाही.